रिकामी ताटली

खिडकीबाहेरच्या ताटलीतले दाणे त्याने गणवेशाच्या खिशात ओतले, तळाला चिकटलेले बोटाने खरवडून काढले आणि एक दाणा मुद्दाम कठड्यावर राहू दिला. पाखरं खातात तेव्हा थोडी सांडलवंड होतेच, एवढी अक्कल त्याला होती.

मग पाय न वाजवता तो आत आला. बायको झोपली होती. गोळ्यांमुळे तिला उजाडल्यावरही लवकर जाग यायची नाही. चेहऱ्याची भाजलेली बाजू वर होती. त्याने पांघरूण सारखं केलं आणि तो डेपोकडे निघाला. पहिली बस त्याचीच असायची. वाटेत कचरापेटीपाशी त्याने खिसा रिकामा केला.

ती बालवर्गाची शिक्षिका. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि चिडवायचं असलं की तोही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गॅसचा भडका उडाला आणि तिचा डावा गाल, भुवई, ओठाचा कोपरा होरपळून निघाला. पट्ट्या होत्या तोवर तिने सगळं हसण्यावारी नेलं. उन्हाळा सरता सरता पट्ट्या निघाल्या, तिने आरसा पाहिला आणि तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. तेव्हापासून तिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. शेजारीण भेटायला आली, पण बिचारी सगळा वेळ घड्याळाशीच बोलत बसली.

"मुलं भितील मला," बाई म्हणायची.

"काही भीत नाहीत. सूज तर पार उतरली. कालच्यापेक्षा छान दिसतेस आज."

"मी रोजच कालच्यापेक्षा छान दिसते. एव्हाना अप्सरा व्हायला हवी होती."

शाळेच्या मोठ्या बाईंनी तिची जागा राखून ठेवली होती. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी ये, म्हणाल्या, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल. बाईने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. शाळा म्हणजे तिचा जीव होता. ती सुटली तर ही पुन्हा दाराबाहेर पडणार नाही, हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

एकदा खिडकीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "माणसं तोंडदेखलं बोलतात. मुलांना आणि पाखरांना ते जमत नाही. पाखरं मला घाबरली नाहीत, तर मुलंही घाबरणार नाहीत."

आणि त्याच सुमाराला पाखरं यायची थांबली.

उन्हाळाभर खिडकीत नुसता कलकलाट असायचा. आता चिटपाखरू फिरकेना. इतक्या वर्षांत त्या ताटलीकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कामावरून आला की त्याची नजर आधी तिकडे जायची. ताटली काठोकाठ भरलेली असायची. पाखरं हिच्या तोंडाकडे बघूनच पळाली, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने ती ताटली रिकामी केली.

"सकाळी बघितलं तर ताटलीत दाणे नव्हते," त्या संध्याकाळी बाई म्हणाली.

"येत असतील की पहाटे. तू झोपलेली असतेस."

"पहाटे?"

"भूक लागली की येणारच."

तिने ताटली पुन्हा भरलेली त्याला दिसली. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग ते रोजचंच होऊन बसलं. तो पहाटे ताटली रिकामी करायचा, ती उठून भरायची आणि दिवसभर खिडकीत बसायची. तक्रार नाही, रडणं नाही. एकदा तिने खुर्ची खोलीच्या मधोमध ओढलेली दिसली. "ऊन डोळ्यांवर येतं," ती म्हणाली. पुढे एकदा ती स्कार्फने निम्मं तोंड झाकून बसली होती. गारवा वाढलाय खरा, असं म्हणत त्याने तिला शाल आणून दिली. नंतर पडदा ओढून ती फटीतून बाहेर बघू लागली. बसेना का कशीही, खिडकी तर सोडली नाही, असं त्याने मनाला समजावलं. त्याने तिच्या शाळेच्या चपला पुसल्या आणि दाराशी मांडून ठेवल्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तो घरी आला तेव्हा चपला जागेवर नव्हत्या. खिडकीही बंद होती.

"मोठ्या बाईंना फोन केला," ती म्हणाली. "उद्यापासून दुसऱ्या बाई येतील. त्यांनी बघून ठेवल्या होत्या."

"अगं, पण पाखरं येतायत की. रोज दाणे संपतात."

"तेच तर."

ती वर्गात बोलावं तशी सावकाश बोलू लागली.

"दरवर्षी या दिवसांत पाखरं दिसत नाहीत. जुनी पिसं झडतात, नवी यायची असतात, धड उडता येत नाही. म्हणून झुडपात दडून बसतात, गातसुद्धा नाहीत. त्यात रानात बिया, फळं पिकलेली, मग खिडकीत कशाला येतील? थंडी पडली की येतात परत. मुलांना मी सांगते, पाखरं नवे कपडे शिवायला गेलीत." ती हसली. ओठाचा भाजलेला कोपरा हलला नाही. "यंदाही मी निवांतच होते. दाणे तसेच पडून राहिले असते, तर मला काही म्हणजे काही वाटलं नसतं. पण यंदा दाणे संपतात. म्हणजे ती येतात. मी मागे सरकले, तोंड झाकलं, पडद्याआड बसले. तरी मी जागी असेपर्यंत एकही येत नाही."

त्याने गणवेशाचा खिसा चाचपला.

"ते दाणे मी काढत होतो," तो म्हणाला. "रोज पहाटे. मीच." त्याने खिसा उलटा केला. शिवणीत अडकलेले दोन दाणे टेबलावर पडले.

बाईने दाण्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या हातावर हात ठेवला.

"माझी समजूत काढायला हे मात्र आत्ता छान सुचलं तुम्हाला," ती म्हणाली.