रस्त्यातली बाभूळ

बाभळीच्या फांद्या आजही रस्त्यात आडव्या होत्या. महेश्वर कोरे यांना त्या दिसेपर्यंत उशीर झाला होता. पुढच्या चाकातली हवा सूं करून गेली आणि त्यांनी पाय खाली टेकला.

"तिसऱ्यांदा, सर," मागून आलेली भुवनेश्वरी म्हणाली. सोलापुरातल्या त्यांच्या सायकल गटाची ती प्रमुख. "गेल्या रविवारी नंदीश पडला, मनगट मोडलं. आता कुणी मरायची वाट बघायची का?"

महेश्वर वाकून टायरमधला काटा उपटू लागले. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाज चढवायची सवय नव्हती. पण राग त्यांनाही आला होता. अर्धा किलोमीटर मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी, एक गाडी नाही. रविवारी सकाळी तीस सायकली इथून जायच्या. कुणाचं काय बिघडत होतं?

ज्वारीतून रुद्रप्पा चालत आले. शेत त्यांचं.

"हितनं जाऊ नका म्हणलं की," ते म्हणाले. "बैलं बुजत्यात. कडंची ज्वारी लोळली सगळी."

"काका, रस्ता काय तुमच्या नावावर आहे?" भुवनेश्वरीने विचारलं.

"व्हय."

"मग आमच्या सायकलफेऱ्यांच्या ॲपमध्ये कसा दिसतो? अख्ख्या जिल्ह्यातून लोक येतात इथं."

"तुमच्या मोबाईलातलं मला काय ठावं? सातबारा हाय माझ्याकडं." मग ते महेश्वरांकडे वळले. "मास्तर, तुमी तर सांगा की ह्यांना."

महेश्वर ट्यूब बदलत होते. हा आपल्यालाच का विचारतो, ते त्यांना कळेना. पांढरे केस बघून असेल.

तहसीलला द्यायचा अर्ज त्यांनीच लिहिला. 'सार्वजनिक रस्त्यावर काटे पसरणे ही निव्वळ गुंडगिरी आहे' हे वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. इतकं कडक त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

"सर, तुमच्यात एवढी आग आहे होय," भुवनेश्वरी हसली. "आम्हाला वाटलं, तुम्ही फक्त टिपणं काढता."

ते खरंच होतं. प्रत्येक फेरीनंतर महेश्वर ॲपमध्ये चार ओळी लिहीत, पूर्वी पुस्तकांची कार्डं लिहीत तशा. एकदा लिहिलं की ते निर्धास्तपणे विसरून जात. नोंद त्यासाठीच असते, असं त्यांचं मत होतं.

पंधरा दिवसांनी मंडल अधिकारी पाहणीला आले. एका बाजूला गटाचे वीस जण, दुसऱ्या बाजूला सातबारा घेऊन एकटे रुद्रप्पा.

"गावनकाशात हा रस्ता नाही," अधिकारी म्हणाले. "पण लोकांची वहिवाट सिद्ध झाली, तर अडवता येणार नाही. कायमचा मोकळा करावा लागेल."

"सायेब, ही माझ्या बैलगाडीची वाट हाय, आज्यापासनं. रस्ता केला तर रानाचं दोन तुकडं हुतील. आज सायकली, उद्या डंपर."

"माणसाला माणसानं जाऊ द्यावं, एवढंच आमचं म्हणणं आहे," भुवनेश्वरी म्हणाली. "तेवढं मोठं मन असतं, तर काटे कशाला टाकले असते?"

गटातल्या लोकांनी माना डोलावल्या. महेश्वरांनीही.

रुद्रप्पा त्यांच्याकडे बघत राहिले.

"वहिवाट कधीपासूनची?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "पुरावा काय?"

"आहे ना." भुवनेश्वरीने मोबाईल काढला आणि ॲपमधल्या या वाटेवरच्या फेऱ्यांच्या नोंदी मागे मागे सरकवत नेल्या. "ही सगळ्यात पहिली. चार वर्षांपूर्वीची. अरे वा, आपल्या कोरेसरांचीच निघाली. खाली टिपणही आहे."

"वाचा. मोठ्याने वाचा, पंचनाम्यात घेतो."

भुवनेश्वरीने घसा साफ केला.

"'चेन तुटली. डांबरी रस्ता लांब, सायकल ढकलत निघालो होतो. शेताच्या मालकाने स्वतःच्या हातांनी काटे उचलले आणि आजच्यापुरतं म्हणून आपल्या रानातून जाऊ दिलं. नाव रुद्रप्पा. फार मोठ्या मनाचा माणूस.'"