पिस्टनवरचा आकडा

डिझेलचा बोळा तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा पिस्टनवरची काजळी निघाली आणि खाली आकडा दिसला. ०.५०. अवधूत सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग दुसरा पिस्टन पुसला, तिसरा, चौथा. चारही पिस्टनवर तोच आकडा होता.

त्याचा अर्थ सरांना कळत होता. रिटायर झाल्यापासून तीन महिने हा माणूस मोबाईलवर इंजिनाचेच व्हिडिओ बघत होता. गाडी पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली, धूर ओकणारी. पण मेकॅनिकच्या हाती द्यायची नाही, आपणच उघडायची आणि आपणच बांधायची, असा हट्ट. मेकॅनिक म्हणजे चोर, हे सरांचं जुनं मत. आता गंमत अशी की कंपनीतून आलेल्या पिस्टनवर हा आकडा नसतोच. सिलिंडर घासून मोठा केला की जे नवे पिस्टन टाकतात, त्यांच्यावर असतो. आणि हे इंजिन याआधी एकदाच उघडलं होतं, मलप्पा मेकॅनिककडं. म्हणजे मलप्पानं नवे पिस्टन टाकले होते.

नऊ वर्षांपूर्वी उदगीरात, मलप्पाच्याच गॅरेजात, दहा-पंधरा माणसांदेखत सरांनी त्याला चोर म्हटलं होतं. इंजिनाचं काम होऊन महिना झाला नाही तोच गाडी निळा धूर सोडायला लागली होती. जुनेच पिस्टन पुसून परत बसवलेस, असं सर म्हणाले. मलप्पा हात पुसत गप्प उभा राहिला. गप्प राहिला म्हणजे चोरच, हे सरांनी जागीच ठरवून टाकलं. जन्मभर पोरांना ‘आधी बघा, मग लिहा’ म्हणून दटावणारा विज्ञानाचा मास्तर, पण स्वतः काही उघडून बघितलं नाही. आणि मास्तर बोलला की गावाला ते ब्रह्मवाक्य. वर्षभरात गॅरेज बंद पडलं.

मग धूर कशाचा? सरांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवलं. भिंतीवर उभे ओरखडे होते, नखाला लागतील इतके खोल. नवं बांधलेलं इंजिन रुळायच्या आधीच दामटलं की असे ओरखडे पडतात, हे व्हिडिओवाल्यानं दहादा सांगितलं होतं. सरांनी घरात हाक मारून बायकोला विचारलं, आपण तिरुपतीला कधी गेलो होतो? चंद्रप्रभाबाईंना सगळं लख्ख आठवत होतं. गाडी गॅरेजातून आली त्याच आठवड्यात. कर्नूलच्या पुढं तुम्ही शंभरच्या खाली यायला तयार नव्हता, मी हात जोडत होते, हेही त्यांनी वर ऐकवलं. हजार किलोमीटर होईपर्यंत पन्नासच्या वर नेऊ नका, असं मलप्पानं चावी देताना दोनदा बजावलं होतं. ते आता सरांना आठवलं.

हात न धुताच ते निघाले. मलप्पा देगलूर रोडला दुसऱ्याच्या टपरीत पंक्चर काढतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. तिथून जाताना ते नऊ वर्षं दुसरीकडं बघत आले होते.

“बर्री सर, या,” म्हणत मलप्पानं स्टूल पुसून पुढं केलं.

सर बसले नाहीत. आकडा, ओरखडे, तिरुपती, सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. माझं चुकलं मलप्पा, तुझ्या तोंडचा घास मी काढला, म्हणाले. मलप्पा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिला. त्याला यात नवीन काहीच नव्हतं. गाडी कुठं पळाली ते त्याला तेव्हाच कळलं होतं; तिरुपतीचा लाडू सरांनीच त्याला आणून दिला होता.

“तुला माहीत होतं? मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“आमची शिल्पा डबा घिऊन आलती,” मलप्पा म्हणाला. “दहावीला होती, तुमच्याच वर्गात. पोरीसमोर तिच्या सरांला खोटं कसं पाडू?”

सरांना शिल्पा आठवली. पहिल्या बाकावर बसायची, शंका विचारून भंडावून सोडायची. सरांसारखंच व्हायचं म्हणून ती विज्ञान शिकली होती, आता लातूरला एका शाळेत शिकवत होती. त्या दिवशी तिनं सरांचंच खरं मानलं, हे मलप्पानं ट्यूब पुसता पुसता सांगितलं. तेव्हापासून ती बापाशी कामापुरतंच बोलते. सणाला येते ती आईसाठी.

सरांनी खिशातून मोबाईल काढला. काळ्या बोटांनी तो लवकर उघडेना. नंबर सांग, ते म्हणाले, आत्ता तुझ्यासमोर तिला सगळं सांगतो.

मलप्पानं मान हलवली.

“न्हाई सर. बाप तर तिच्या मनातून उतरला. सर तरी ऱ्हाऊ द्या.”