सूर्याच्या डावीकडचा ठिपका

ठिपका सफाईच्या पात्याच्या टोकावर अलगद आला आणि आसावरीला हायसं वाटलं. माशीची घाण, दुसरं काय! दोनशे वर्षं जुन्या छापचित्रावर ती असायचीच. आता आभाळ कसं लख्ख झालं. खाली समुद्र, एक गलबत, काठावर जाळं ओढणारे कोळी.

मग तिनं फ्रेम उलटी केली. मागे अरुणकाकांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. 'इकारस. मेणाचे पंख लावून सूर्याजवळ उडाला, मेण वितळलं नि पडला. सूर्याच्या डावीकडचा काळा ठिपका म्हणजे तोच.'

अख्खी गोष्ट ज्याची, त्यालाच तिनं खरवडून काढलं होतं.

अरुणकाका म्हणजे प्लेनो शहरातल्या मराठी मंडळींतलं बडं प्रस्थ. घरी आलेल्या प्रत्येकाला ते आधी त्या ठिपक्यापाशी नेत, चहा मग. म्युझियमनं चित्र मागितलं, तेव्हा सफाईला त्यांनी हट्टानं आपल्या मराठी पोरीकडेच दिलं. जुनी चित्रं साफ करून देणाऱ्या ज्या दुकानात ती नोकरीला होती, तिथली मालकीण चूक खपवून घेणारी नव्हती. नोकरी गेली की व्हिसा गेला. साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, लेकाची, ईशानची, शाळा अर्ध्यावर तोडून. गप्प बसावं का? पण काकांपासून ते लपणार थोडंच! आणि काका तर दारातच उभे होते.

"झालं का गं क्लीनिंग?"

"काका, माझ्या हातून मोठी चूक झालीय. तुमचा इकारस... मी पुसला." तिला रडूच फुटलं.

काकांनी भिंग उचललं आणि आभाळ न्याहाळू लागले. आसावरीही धास्तावून वाकली. पण कागदावर साधा ओरखडाही नव्हता. छापाची शाई कागदात मुरलेली असते, कागद सोलल्याशिवाय ती निघत नाही. काकांचं भिंग हळूहळू खाली सरकलं आणि गलबतापाशी अडकलं. तिथं पाण्यातून दोन इवलेसे पाय वर आले होते. भोवती चार पिसं तरंगत होती.

"हा इकारस!" आसावरीनं डोळे पुसले. "काका, वरती खरंच माशीची घाण होती."

सुटकेनं तिला हसू येत होतं. काका मात्र मटकन खुर्चीत बसले. मग उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"शनिवारी म्युझियममध्ये माझं लेक्चर आहे," ते कुजबुजले. "त्या ठिपक्यावरच. ती घाण परत लावता येईल का गं?"