उघडीप

अंगणात दत्तारामांची तिरडी बांधून तयार होती. पुण्याहून निघालेली त्यांची एकुलती एक मुलगी मृण्मयी अजून कुंभार्ली घाटातच होती.

धाकटे दीर अनंता मोबाइल घेऊन शेवंताबाईंजवळ आले. "वहिनी, आत्ताच काय ती उघडीप आहे. तासाभरात मुसळधार लागेल, ती उद्यापर्यंत. स्मशानावर छप्पर नाही."

उपग्रहांची चित्रं वाचून यंत्र वाडीवाडीतला पाऊस आधी सांगू लागलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. ते चुकल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. भाताची कापणी, लग्नाचा मांडव, सगळं त्याच्याच शब्दावर ठरे.

"मृण्मयीला कळवलंत?"

"कळवलं. मी येईपर्यंत थांबा म्हणून रडतेय."

शेवंताबाई नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "उचला."

माणसं अग्नी देऊन परतली, आंघोळी झाल्या, तरी पाऊस आला नाही. दुपारी तर ऊन पडलं. अनंता पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मृण्मयी आली ती धावतच. रिकाम्या अंगणात तिने आभाळाकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"पाऊस कुठंय, आई?"

शेवंताबाईंनी तिला जवळ घेतलं. तिची ओढणी उन्हाने तापली होती. त्यांना रडू येत नव्हतं.

"येणार होता," त्या म्हणाल्या.