आत्याची भाची

विमानाची चाकं धावपट्टीला टेकली, तेव्हा कुठे परराष्ट्र खात्यातल्या बाईंच्या जिवात जीव आला. परदेशातलं युद्ध थांबलं होतं, पण तिथे अडकलेली आपली माणसं बाहेर काढायला दोन्ही फौजांचा होकार लागत होता. एक हो म्हणाली की दुसरी फुरंगटायची. बाईंनी राजदूतांच्या नाकदुऱ्या काढल्या, मंत्र्यांना झोपू दिलं नाही, आणि आज सकाळी एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

कुंपणाशी नातेवाइकांची झुंबड उडाली होती. सगळ्यांत पुढे आत्या. ही कपडे शिवणारी बाई. तिचा भाऊ आणि वहिनी तिकडे बॉम्बहल्ल्यात गेले, सहा वर्षांची भाची मागे राहिली. तेव्हापासून फोन करकरून तिने खात्याला भंडावून सोडलं होतं. "मी आत्या बोलतेय," एवढंच म्हणायची. शेवटी खुद्द मंत्रीही विचारू लागले, आज आत्याचा फोन आला का?

बाई तिच्याजवळ गेल्या. भाची विमानात असेलच, असं छातीठोक कुणीच सांगू शकत नव्हतं. कागदपत्रं जळून गेली होती. एक मुलगी एकटीच आली आहे, वय जुळतं, पण भेदरलेली आहे, तोंडातून शब्द काढत नाही, एवढंच वैमानिकाने कळवलं होतं.

"आणि तिला कुणी ओळखलंच नाही तर?" आत्याने विचारलं.

बाईंना खोटं बोलवेना. करारच तसा झाला होता. ज्याचं इथे कुणी नाही, त्याने याच विमानाने परत तिकडच्या निर्वासितांच्या छावणीत जायचं.

दार उघडलं. म्हातारे उतरले, लेकुरवाळ्या उतरल्या, कुबड्या टेकत जखमी उतरले. मिठ्या पडू लागल्या, हुंदके फुटू लागले. बाईंचा आनंद गगनात मावेना. सगळ्यांत शेवटी जिन्यावर एक मुलगी आली, अंगात मोठ्या माणसाचा कोट. ती वरच थबकली.

"अगं माझी चिमणी ती!"

आत्या शिपायाच्या हाताखालून सटकली, धडाधड जिना चढली आणि पोरीला कडेवर घेऊनच खाली आली. मुलगी आधी लाकडासारखी ताठ होती. मग तिने हळूच आत्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. शिपायाने टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनी. डोळे पुसत बाईंनी तिथूनच मंत्र्यांना फोन लावला. आत्याला भाची मिळाली म्हटल्यावर पलीकडे अख्ख्या दालनात एकच जल्लोष झाला.

विमान रिकामंच परत उडालं. त्याचा ठिपका होऊन दिसेनासा होईपर्यंत आत्या वर बघत राहिली. मग खांद्यावर झोपलेल्या मुलीला सावरत ती बाईंच्या कानाशी आली.

"ही आता आमचीच, बाई," ती म्हणाली. "पण माझी भाची अजून तिकडेच आहे. दुसरं विमान कधी पाठवताय?"