मेन स्विच

दार उघडलं तर घर नुसतं गारठलेलं, आणि पोरगी बॅग खांद्यावरून न काढता थेट काचेच्या पेटीकडे धावली, तर तिचा अजगर आत जुन्या दोरखंडासारखा पडलेला, उचलला तरी मान लोंबतेय.

"पेटीचा दिवा बंद कसा? हा गरम देशातला जीव आहे!"

बाबा दारातच थांबले. वायरमन माणूस. घर सोडताना मेन बंद करायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. दोन दिवस आत्याकडे निघताना सगळ्यात शेवटी तेच बाहेर पडले होते.

"मीच," ते म्हणाले. "हात गेला गं सवयीने."

रात्रभर बसमध्ये अंग आंबलेलं, आई धरून तिघांतही भांडायचं त्राण नव्हतं. बाबांनी मेन चालू केला, खोलीतला हीटर ओढत आणला आणि पेटीला चिकटवला, तशी पोरगी किंचाळली, "आता भाजून मारताय का?"

तिने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हीटर लांब ठेवा, एकदम गरम केलंत तर दगावेल. माणसाच्या अंगाची ऊब द्या, हळूहळू. तासाभरात जीभ बाहेर काढली तर वाचला समजा.

पोरीचे हात तर बर्फ झालेले. तिने आईकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस. आमची ओळख काचेपलीकडूनच बरी."

बाबा त्याला 'पट्टा' म्हणायचे आणि दोन वर्षांत त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, स्वेटरची चेन उघडली, डोळे घट्ट मिटले.

"दे इकडे."

तास झाला. काही नाही. दीड तास झाला. पोरगी त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून पेंगायला लागली, बाबांच्या पाठीला रग लागली, पण पठ्ठ्या हलेल तर शपथ.

मग बाबा एकदम पुटपुटले, ओठसुद्धा न हलवता, "ए, ऊठ. गळ्यापाशी गुदगुल्या होतायत. बघ, जीभच आहे ना?"

पोरीने वाकून बघितलं आणि तिथेच रडायला लागली.

आई आडवी व्हायला निघाली होती. जाता जाता तिचा हात खोलीतल्या दिव्याच्या बटणाकडे गेला. "लख्ख ऊन आलंय घरात, दिवा कशाला? तुम्हीच ओरडता ना रोज?"

"राहू दे," बाबा म्हणाले. "आज काहीच बंद करू नकोस."