बासष्ट किलो

जुन्या स्पोर्ट्स कारचे मूळ भाग शोधण्यात मिस्त्रीची सहा वर्षं आणि डोक्यावरचे अर्धे केस गेले. सर्वांत शेवटी सापडली ती ड्रायव्हरशेजारची सीट. पहिल्या मालकाच्या म्हाताऱ्या मुलीनं ती लगेच देऊन टाकली. "परत मात्र आणू नका," एवढंच म्हणाली.

सीट बसवल्यावर मिस्त्रीनं गाडी चार वजनकाट्यांवर चढवली, प्रत्येक चाकाखाली एक. वाऱ्यानं आकडे हलू नयेत म्हणून वर्कशॉपचं दार लावून घेतलं. कारखान्याच्या जुन्या कागदावर गाडीचं वजन होतं आठशे चाळीस किलो. काट्यांची बेरीज नऊशे दोन भरली.

"बासष्ट जास्त," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, पान्यांची पेटी आत विसरलात वाटतं."

"डोकं तेवढं विसरायचं राहिलंय माझं."

गाडीत काहीच नव्हतं. मिस्त्रीनं गाडीचं दार उघडून नुकत्याच बसवलेल्या सीटखाली हात घातला. स्प्रिंगा पार दबलेल्या होत्या. त्याचा हात तिथं असतानाच त्या सावकाश वर आल्या.

"आठशे चाळीस," मेहुणा हसला. "सुटलात बघा."

मिस्त्री हसला नाही. तो मेहुण्याच्या पाठीमागे बघत होता. तिथं सुटे भाग तोलायचा मोठा काटा रिकामा होता, आणि त्याची सुई बासष्टवर येऊन थांबली होती.

मग ती शून्यावर आली.

वर्कशॉपचं दार मात्र बंदच होतं.